जिना इथला, खुर्ची तिकडची

परदेशातल्या एका झगमगीत स्टेजवर खुर्ची जिना चढत होती, आणि वहिनी आपल्या ओट्यापाशी उभ्या राहून ते मोबाइलवर बघत होत्या. जिना काचेचा. आजूबाजूला टाळ्या वाजवणारी माणसं इस्त्री करून ठेवल्यासारखी. खुर्चीतली बाई हसत हात हलवत होती, आणि तिच्या कमरेला जो निळा पट्टा होता ना, तो वहिनींच्या हातचा होता. याच घरात, स्वतःच्या मशीनवर, दुहेरी शिलाई घालून शिवलेला. आपली शिलाई ओळखायला काय भिंग लागतं? टोकाची उलटी घडी घालून आडवा टाका मारायची पद्धत त्यांचीच.

"अहो, बघितलंत का हे?" त्यांनी मोबाइल नेऊन नवऱ्यापुढे धरला.

दादा खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसले होते. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. बाई वर पोचली, लोक उठून उभे राहिले, कंपनीच्या मोठ्या साहेबांनी छातीवर हात ठेवून मान लववली, सगळं बघितलं. मग म्हणाले, "छान चढली," आणि तोंड खिडकीकडे वळवलं. त्या खिडकीतून दिसतं काय, तर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी.

दादांनी आरडाओरडा केला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर वहिनींना बरं वाटलं असतं. पण ज्या माणसाचं तोंड दिवसभर कात्रीच्या बरोबरीने चालायचं, ज्याच्या सलूनमध्ये लोक केस वाढायच्या आधीच येऊन बसायचे, तो दोन शब्दांत आटपला. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

का नाही जाणार? त्या खुर्चीला जिना चढायला शिकवला कुणी? दादांनी. आणि शिकवला कुठे? काचेच्या जिन्यावर नव्हे, याच इमारतीच्या जिन्यावर.

आता हा जिना कसा आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. इमारत जुनी, जिना अरुंद आणि काळोखा. लिफ्ट बसवायची तर जागाच नाही. नवीन कपाट आणायचं तर आधी दारं काढतात, मग कप्पे काढतात, आणि तरी चार माणसांची बोटं सोलवटतात. त्यातून दुसऱ्या वळणानंतर मधेच एक पायरी बाकीच्यांपेक्षा चांगली वीतभर उंच. बांधताना गवंड्याचं घरी भांडण झालं असावं. तिथे नवखा माणूस हमखास ठेचकाळतो. म्हणून त्या पायरीचं नाव 'सासूबाई'. पाहुणा आला की खालूनच हाक जाते, "सासूबाई येतायत, पाय उचला!" इमारतीतल्या माणसांना हाक लागत नाही. त्यांचा पाय तिथे आपोआप वर जातो, हातात सामान असो की डोळ्यांवर झोप.

दादांचं सलून याच इमारतीत, तळमजल्यावर. घर तिसऱ्या मजल्यावर. सलूनची नवी पाटी लावताना दादा स्टुलावरून पडले आणि पाठीला मार बसला. "पाटी सरळ लागली, मी वाकडा लागलो," असं ते स्वतःच सांगायचे. हात शाबूत राहिले, बोटं तर आणखीच तेज झाली, पण पाय गेले ते गेलेच. आणि मग घर आणि दुकान यांच्यामध्ये हा जिना उभा राहिला. एकदा शेजाऱ्यांनी हौसेने दादांना उचलून खाली न्यायचं ठरवलं. चौघांनी लाकडी खुर्ची धरली, "डावीकडे घ्या, जरा तिरकी करा," असं चाललं होतं, आणि सासूबाईंपाशी एकाचा पाय घसरला. दादा वाचले थोडक्यात. वर आल्यावर म्हणाले, "पुन्हा नाही. मी काय कपाट आहे?"

त्याच सुमाराला गळ्यात टेप अडकवलेली एक चष्मेवाली मुलगी इमारतीत शिरली. पुलापलीकडे एक कंपनी होती, जिना चढणारी खुर्ची बनवत होती, ही तिथली इंजिनियर. पहिल्या मजल्यावरचे मास्तर, गुडघेदुखीने बेजार, दारातच बसलेले असतात. त्यांना तिने विचारलं, "काका, आम्हाला गावातला सगळ्यात वाईट जिना हवाय."

"मग घर चुकली नाहीस," मास्तर म्हणाले. "ये."

वर्षभर ती जिन्यातच होती. सगळे तिला जिनेवाली म्हणायला लागले. खुर्ची धडपडायची, घरघरायची, भिंतीचे पोपडे पडायचे, ऐन दुपारी झोपमोड व्हायची. इमारतीने सगळं सोसलं, कारण खुर्चीत बसलेले असायचे दादा. खुर्च्यांचे पट्टेही कंपनी वहिनींकडूनच शिवून घ्यायची. पहिल्या खेपेला खुर्ची सासूबाईंपाशी जी अडली ती हलेचना. जिनेवाली रडकुंडीला आली. दादा वरून म्हणाले, "अगं, सासूबाई आहेत त्या. मान ठेव, जरा पाय उंच उचलायला सांग तुझ्या खुर्चीला." तिने सांगितलं. रोज सांगितलं. शेवटी खुर्चीही इमारतीतल्या माणसांसारखी झाली. सासूबाई आल्या की पुढचे दोन्ही पाय अदबीने उचलायची, अलगद टेकवायची, आणि पुढे जायची.

आणि दादा खाली जायला लागले! सकाळी शटर वर जायचं. खुर्चीत बसल्या बसल्या दादा कात्री चालवायचे आणि बरोबरीने जीभ. मोठे साहेबही एकदा मुद्दाम आले, दादांकडून केस कापून घेतले, आरशात मान वळवून बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "दादा, बाजारात पहिली खुर्ची येईल ती तुमची. माझा शब्द." मग एक दिवस शेवटचा हात फिरवायचा म्हणून कंपनीने खुर्ची नेली. शटर खाली आलं. आणि आज ती खुर्ची काचेच्या जिन्यावर. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

मोठे साहेब तिकडून परतल्याचं कळलं तशा वहिनी पुलापलीकडे गेल्या.

कंपनीच्या दर्शनी दालनात खुर्ची एका चौथऱ्यावर ठेवलेली, भोवती दोरी. वहिनींनी दोरीवरून वाकून पट्टा चाचपला.

"बाई, हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"पट्टा मी शिवलाय."

"शिवला असेल. तरी लावू नका."

वरच्या खोलीत मोठे साहेब मात्र उठून उभे राहिले, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, हे वहिनींनाही ठाऊक होतं. तेच तर जास्त दुखत होतं.

"वहिनी, तुमचा राग बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"राग बरोबर आहे हे मला माहीत आहे. खुर्ची कधी, ते सांगा."

"पुढच्या टप्प्यात."

"म्हणजे कधी?"

"तिकडे एकदा जम बसला की."

"साहेब, तिकडे म्हणे घरोघर लिफ्ट आहेत. मग जिना चढायची हौस तिकडच्यांनाच का?"

साहेबांनी कप बाजूला ठेवला. "खरं सांगू? आधी मी इथेच फिरलो. हॉस्पिटलं झाली, दुकानं झाली, सरकारी कचेऱ्या झाल्या. प्रत्येकाचा एकच प्रश्न, तिकडे कोण वापरतं? कुणीच नाही म्हटलं की माझा कागद खाली ठेवायचे. आपल्या लोकांना आपली वस्तू तिकडचा शिक्का लागला की मगच दिसते. पिकतं तिथे विकत नाही, वहिनी."

"ते ऐकलंय. पण पिकतं तिथल्यांनी उपाशी राहावं, असं कुठल्या म्हणीत आहे? आणि तिकडे कोण वापरतं विचारणाऱ्यांना सांगायचं होतंत की, इथे एक माणूस वर्षभर वापरतोय. तो कुणीच नाही का?"

साहेबांनी बाजूचा कप पुन्हा जवळ ओढला.

"शब्द दिला होतात."

"शब्द आहेच की. मोडला कुठे? जरा लांबलाय."

"लांबला नाही, विमानात बसून गेला. आम्हाला टाटा करायलाही बोलावलं नाहीत." वहिनी उठल्या. "आता पट्टेही तिकडेच शिवून घ्या."

कंपनीत खाली उतरायला लिफ्ट होती. जिनेवाली तिच्या दारात उभी होती, मान खाली घालून. वहिनी तिच्याकडे न बघता जिन्याने उतरल्या.

घरी येऊन त्यांनी दादांना सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "खुर्ची येईल. मी आणेन."

"कशी?"

"ते मला अजून माहीत नाही."

"जाऊ दे गं. मला आता सवय झालीय."

"मला नाही झाली," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्हालाही झालेली नाही. त्या टाकीकडे बघून कुणाचं तोंड असं उतरत नाही."

तेव्हापासून वहिनींनी एक नेम धरला. सकाळी खाली जायचं, सलूनचं शटर अर्धं वर करायचं, आरसा पुसायचा, कात्र्यांना तेल लावायचं, कंगवे धुऊन ओळीने मांडायचे. जसं काही मालक आता उतरतच आहेत. बंद दुकानाचं कुलूप गंजतं आणि गंजलेलं दुकान लोक विसरतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. इमारतीचा मालक एकदा चाचपून गेला, "गाळा रिकामाच दिसतोय." वहिनी फडकं पिळत म्हणाल्या, "रिकामा नाही. मालक वर आहेत." तो पुन्हा विचारायला आला नाही.

तिकडून मात्र रोज नवं कौतुक येत होतं. खुर्चीचे फोटो, खुर्चीला बक्षीस, खुर्चीवर बसलेले कुणीकुणी. शेजारीपाजारी येऊन सांगायचे, "वहिनी, आपली खुर्ची बघितली का? तिकडे नुसतं नाव गाजतंय!" यात सांगणाऱ्यालाच अभिमान. वहिनी म्हणायच्या, "आपली असती तर खाली उभी असती." शेजारी चपापून निघून जायचे. हल्ली दादा दाढीसुद्धा एक दिवसाआड करायला लागले होते, आणि सलूनवाल्याने दाढी टाळली की समजावं, पाणी कुठवर आलंय.

अशात एक दिवस जिनेवाली दारात उभी. चष्म्यामागे डोळे ओढलेले.

"आत येऊ?"

"जिना तर चढलीच आहेस," वहिनी म्हणाल्या. "ये."

ती दादांसमोर बसली आणि आधी बोटांशीच खेळत राहिली. मग म्हणाली, "दादा, तिकडे खुर्च्या बिघडल्यात. म्हणजे बिघडल्या असंही नाही. छान चढतात. पण दुसरं वळण गेलं की मधेच एका पायरीला थांबतात. पुढचे पाय उगीचच उंच उचलतात, हवेत तसेच धरतात, आणि मग धप्पकन आपटतात. बसलेल्याच्या पोटात गोळा येतो. पायरी असते अगदी साधी. सगळ्या कंपनीला कळेना घोडं कुठे पेंड खातंय. काल मला कळलं. आणि कुणाला सांगायची लाज वाटतेय."

दादांनी मान वळवली. खूप दिवसांनी टाकीवरून नजर हलली. "दुसऱ्या वळणानंतर?"

"हो. मीच शिकवलंय तिला. एकाच जिन्यावर, वर्षभर. सगळ्या जगातले जिने असेच असतात असं वाटतंय तिला."

दादा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते जे हसत सुटले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, म्हणजे ती तिकडे जाऊनही आमच्या सासूबाईंच्या पाया पडतेय!"

जिनेवालीलाही हसू फुटलं. दोघं एकमेकांना टाळ्या देत हसत होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नवऱ्याचं हे हसणं त्या विसरल्याच होत्या. पण आता रडायची वेळ नव्हती. मार्ग दिसायला लागला होता.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"खोड लागली तिथेच मोडायला हवी. याच जिन्यावर, दादांनाच बसवून. हा जिना आणि साधा जिना यातला फरक तिला शिकवायचाय. साहेबांनी विचारायला पाठवलंय. उद्या चाचणीची खुर्ची घेऊन येऊ का?"

"आण की," दादा म्हणाले. त्यांचे हात आत्ताच खुर्चीच्या दांड्या धरल्यासारखे झाले होते. "सकाळीच आण."

"आणू नकोस," वहिनी म्हणाल्या.

दादांनी चमकून बघितलं.

"तुझ्यावर राग नाही, बाळा. पण साहेबांना सांग, जिना इथला आहे. खुर्ची तिकडची असेल तर जिनाही तिकडचाच शोधा."

जिनेवाली गेल्यावर दादांनी पुन्हा टाकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "चार दिवस तरी खाली जायला मिळालं असतं."

ते वाक्य वहिनींना सुरीसारखं लागलं. पण त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आणि पाचव्या दिवशी? पुन्हा घेऊन गेले की? मागच्या वेळी तुम्ही दोन महिने धड जेवला नव्हतात. मला पुन्हा ते बघायचं नाही. यायची तर राहायला येऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी आपलं हातमशीन उचललं, सासूबाईंच्या जरा वर, जिन्यातच मांडलं, पाटावर बसल्या आणि उशांचे अभ्रे शिवायला घेतले. येणाऱ्याजाणाऱ्याला जेमतेम वाट राहिली.

मास्तर काठी टेकत वरपर्यंत आले. "वहिनी, गच्चीवर जायचं होतं."

"तुम्ही जा, मास्तर. तुमची अडवणूक नाही. फक्त खुर्ची जाणार नाही."

मास्तरांना सगळी हकीकत कळली तसे ते गच्ची विसरले. खाली जाऊन त्यांनी आपलं स्टूल पहिल्या वळणावर आणून टाकलं. "एक चौकी माझी," ते म्हणाले.

दुपारच्या आत मोठे साहेब आले. खाली कंपनीची गाडी, गाडीत चाचणीची खुर्ची, मागे जिनेवाली. साहेब तरातरा चढत आले, मास्तरांना नमस्कार केला, दुसरं वळण घेतलं आणि सासूबाईंना असे काही ठेचकाळले की दोन्ही हात भिंतीला टेकले.

"पाय उचला म्हणून सांगायला हवं होतं," वहिनी मशीन न थांबवता म्हणाल्या.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"अभ्रे."

"तिकडे माझी अब्रू चाललीय! रोज फोन येतायत."

"इथे अब्रू जायला कुणाचा फोन यावा लागत नाही, साहेब. शेजारी येऊन विचारतात, खुर्ची का नाही आली."

वरून दादांची हाक आली, "अगं, त्यांना वर येऊ दे. जिन्यात कसली पंचायत!"

वहिनींनी मशीन सरकवून वाट दिली. साहेब वर आले, धापा टाकत बसले, पाणी प्यायले. दादा त्यांच्याकडे निरखून बघत होते.

"साहेब, डोक्याचं काय करून घेतलंय हे? तिकडे कापलंत वाटतं?"

"वेळच नाही, दादा. तसेच वाढलेत."

"इकडे सरका. बोलणं होतंय तोवर आटपतो."

जुनी सवय, दुसरं काय. साहेबही सवयीनेच सरकले, दादांच्या पुढ्यात ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसले. दादांनी कपडा झटकला, मानेभोवती बांधला, कंगवा पाण्यात बुडवला. कात्रीचा आवाज सुरू झाला तशी खोलीतली हवाच बदलली.

"अडला हरी," साहेब कपड्याखालून म्हणाले. ते हसत होते, पण कसनुसे.

"म्हणजे गाढव मी?" दादांनी विचारलं. जिनेवालीने तोंडावर हात ठेवला.

"दादा, सरळ सांगतो. मला हा जिना हवाय आणि तुम्ही हवे आहात. चाचणी संपली की ती खुर्ची तुम्हाला ठेवून घ्या. भेट माझ्याकडून. कुठे बोलू नका, म्हणजे झालं. इथे अजून विक्री सुरू नाही, त्यामुळे कागदोपत्री काही दाखवता येणार नाही."

कात्री थांबली. दादांनी वहिनींकडे बघितलं. आणि खरं सांगायचं तर वहिनींचाही जीव एकदा हलला. एक हो म्हटलं की झालं. उद्या हा माणूस खाली असेल, आरशासमोर, गिऱ्हाइकांच्या गराड्यात. ज्याच्यासाठी एवढा अट्टाहास केला, ते ताटात वाढून समोर आलं होतं.

त्यांनी जिनेवालीला विचारलं, "खुर्चीचे पाय झिजतात ना गं?"

"झिजतात. वर्षभरात बदलावेच लागतात."

"मिळतात कुठे?"

"सध्या... तिकडेच."

"आणि दुरुस्तीला माणूस?"

तिने साहेबांकडे बघितलं.

"म्हणजे वर्षभराने ती याच खोलीत शोभेला," वहिनी म्हणाल्या. "त्यावर मी वाळलेले कपडे टाकायचे. आणि तक्रार तरी कुणाकडे करायची? कागदोपत्री तर खुर्चीच नाही. नको साहेब. चोरून दिलेली वस्तू आम्हाला नको. इथे रीतसर दुकानात येऊ दे, सुटे भाग येऊ देत, दुरुस्तीला माणूस बसू दे. आणि तिकडच्या खुर्च्या दुरुस्त व्हायच्या आधी हे व्हायला हवं. मग हवा तेवढा जिना वापरा."

साहेब कपड्याखाली चुळबुळले. "दादा, तुम्ही तरी सांगा."

दादांनी साहेबांची मान हलकेच सरळ केली. "तिचं बरोबर आहे. खुर्ची बिघडली की मी पुन्हा कपाट. एकदा झालोय, आता नाही व्हायचं." आणि मग, कात्री पुन्हा चालवत, "चाचणीला मी बसेन. पण दुकानाचं शटर उघडीन ते माझ्या हक्काच्या खुर्चीवरूनच."

कात्री चालत राहिली. साहेबांच्या डोक्याची डावी बाजू नीटनेटकी झाली होती, उजवीकडे अजून जंगल. शेवटी त्यांनी मोठा श्वास सोडला. "ठीक आहे. दोन महिन्यांत इथे विक्री. भाग, माणूस, सगळं. तिकडची दुरुस्ती त्यानंतर. माझा शब्द."

"अहो, थांबा!" वहिनी म्हणाल्या.

दादांचा हात हवेत राहिला.

"यांचा शब्द एकदा घेतलाय आपण. या वेळी काहीतरी तारण हवं." वहिनी पुढे आल्या, साहेबांच्या मानेभोवतीची गाठ सोडली आणि कपडा झटकला. "हे एवढंच राहू दे. उरलेलं खाली, दुकानात."

साहेबांनी हात डोक्याकडे नेला. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. भिंतीवरच्या आरशात बघितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग जिनेवालीने पोट धरून भिंतीला पाठ टेकली तसा तो आणखी लाल झाला, आणि मग कुणास ठाऊक कसं, तेही हसायला लागले. "असा फिरू मी?"

"कुणी विचारलं तर सांगा, घरचं काम अर्धं राहिलंय," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या सलूनमध्ये जाऊन त्यांना ते केव्हाही सारखं करून घेता आलं असतं. कोण अडवणार होतं? पण मोठे साहेबही हट्टीच माणूस, नाहीतर जिना चढणारी खुर्ची बनवायच्या भरीस कोण पडतं! त्यांनी एक टोपी विकत घेतली. तिकडच्या लोकांशी फोनवर समोरासमोर बोलताना एकदा ती काढावी लागली, तर तिकडच्यांना वाटलं नवी फॅशन आलीय. पण कंपनीत मात्र जो तो विचारायचा, आणि साहेबांना दर वेळी तेच उत्तर द्यावं लागायचं. दहा वेळा एकच उत्तर दिलं की माणसाला कामाला लागावंच लागतं.

चाचणी झाली. जिनेवाली पुन्हा जिन्यात बसायला लागली, पोपडे पुन्हा पडले. या खेपेला तिने खुर्ची गावातल्या इतर जिन्यांवरही फिरवली, शहाणपण आलं होतं. दादा रोज बसायचे, रोज खालच्या पायरीपर्यंत जायचे, बंद शटरकडे एकदा बघायचे आणि "चल, वर," म्हणायचे. वहिनी वरून ते बघायच्या आणि ओठ घट्ट मिटून पट्टे शिवायच्या. हो, पट्टे पुन्हा सुरू झाले होते, इथल्या खुर्च्यांसाठी.

दोन महिने म्हणता म्हणता तीन झाले. पण खुर्ची आली. स्टेज नव्हतं, काच नव्हती. पुलाजवळच्या दुकानात इतर चार वस्तूंच्या शेजारी ती उभी होती, मागच्या खोलीत सुटे भाग आणि दुरुस्तीला बसलेला एक माणूस. दादांच्या नावाची पावती फाडून पहिली खुर्ची तिसऱ्या मजल्यावर आली.

त्या सकाळी दादांनी गुळगुळीत दाढी केली. वहिनींनी पट्टा लावला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला.

"अगं, फाशी देतेयस की काय?"

"गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पट्टा बोटभर सैल केला.

खुर्ची उतरायला लागली. वहिनी पुढे, पाठमोऱ्या न होता, एकेक पायरी मागे जात. दारादारांत माणसं. सासूबाई आल्या. खुर्ची थांबली, अदबीने जपून उतरली, आणि पुढच्या साध्या पायऱ्यांवरून साधीच चालत गेली. वहिनींचा पाय सवयीने पडला होता, तो कधी पडला ते त्यांनाही कळलं नाही. मास्तर म्हणाले, "शिकली हो पोरगी!" ते खुर्चीला म्हणाले की जिनेवालीला, कुणी विचारलं नाही.

खाली मोठे साहेब टोपी घालून आधीच हजर होते. दादांनी कुलूप काढलं. तेल घातलेलं कुलूप, एका हिसक्यात उघडलं. शटर पूर्ण वर गेलं, आणि पुसलेल्या आरशात सगळा रस्ता आत आला. कात्र्या, कंगवे, जागच्या जागी. दादांनी सगळ्यावरून एकदा नजर फिरवली, मग दारात उभ्या बायकोकडे बघितलं. वहिनी बाकावर बसल्या.

साहेब आरशासमोर बसले. दादांनी कपडा झटकून त्यांच्या मानेभोवती बांधला, टोपी काढून खुंटीला लावली आणि कंगवा पाण्यात बुडवला.

"हं, साहेब," ते म्हणाले. "कुठवर आलो होतो आपण?"